पारण्याचा रविवार

काशीच्या हातात हात दिला की समोरची बाई निर्धास्त व्हायची. फुगडीत सगळा खेळ त्या हातांचाच. पाय जवळ, डोकी लांब, अंग मागे झोकून दिलेलं आणि मध्ये चार हातांची गाठ. ती सुटली की दोघी दोन दिशांना. म्हणून वाडीत नवी सून आली की तिची पहिली फुगडी काशीबरोबर, असा रिवाजच पडून गेला होता. काशी अंगानं थोराड, हाताचे पंजे पुरुषासारखे, आणि टाच अशी की सारवलेल्या खळ्यात रोवली म्हणजे रोवली.

"काशी म्हंजे खुंटा हाय," यमुनाकाकी कौतुकानं म्हणायची. "तिला गाय बांदा नायतर म्हस बांदा."

यमुनाकाकी ही वाडीतली वडीलधारी बाई. कुठलं व्रत कधी, कुठल्या देवाला काय चालतं, काय चालत नाही, ह्यात शेवटचा शब्द तिचा. गौरीच्या फुगड्या दरसाल तिच्याच घरापुढच्या खळ्यात व्हायच्या.

एरवीच्या वर्षात काशीच्या वाट्याला गरगर फिरण्यासारखं काही नव्हतं. नवरा रावजी मुंबईला गोदीत. दोन्ही मुलगे मिसरूड फुटल्याबरोबर बापाच्या खोलीवर गेले. घरात चूल एक आणि खाणारं तोंड एक. सकाळी कातळी सड्यावरच्या वाडीतून उतरून ती खाली खाडीकाठच्या भाट्याला यायची. तिथं माडांच्या रोपवाटिकेत ती रोजावर होती. पिशव्यांत माती भरायची, कोंब फुटलेले नारळ लावायचे, तयार रोपं उचलून ट्रकापाशी न्यायची, आणि संध्याकाळी पुन्हा ती चढण. माणसांवाचूनच्या घरात शिजवायचं कितीही बेतानं म्हटलं तरी सवयीनं चौघांचं शिजायचं, आणि अन्न टाकवत नाही म्हणून चौघांचं एकटीनं संपवायचं. चाळिशी उलटता उलटता काशी पसरत गेली. गुडघा चढणीवर कुरकुरायला लागला. पण गौरी आल्या, मुंबईची माणसं आली, खळ्यात बाया जमल्या की तो गुडघासुद्धा कुरकुर विसरायचा.

आदल्या वर्षी, पंच्याऐंशीच्या गौरीत, तो विसरला नाही.

समोर सीता होती. सीता आणि काशी एकाच वैशाखात लग्न होऊन वाडीत आल्या, परड्याला परडं लागून राहिल्या, रोपवाटिकेत एकाच ओळीत बसून माती भरली. वीस गौरी दोघींनी हातात हात घालून काढल्या. फुगडी रंगात आली होती, दोघींच्या तोंडचा 'फू-फू' एका तालात पडत होता, आणि काशीचा गुडघा गपकन आत वळला. पकड सुटली. काशी जागच्या जागी बसली. किडकिडीत सीता मात्र भिरकावल्यासारखी जाऊन जोत्याच्या चिऱ्यावर आपटली. उजवं मनगट मोडलं.

प्लास्टर झालं, प्लास्टर निघालं, हाड जुळलं. काशीला कोणी शब्दानं बोललं नाही. तिला वाटे, कोणीतरी चार शिव्या घालाव्यात म्हणजे एकदाचं भागेल. पण वाडी शिव्या घालत नव्हती. वाडी फक्त हात देत नव्हती.

हे तिला कळलं पुढच्या मे महिन्यात, शेजारच्या बाबल्याच्या हळदीला. मांडवात फुगड्या सुरू झाल्या. काशीनं पदर खोचला, पुढे झाली, तर हिची जोडी तिच्याशी लागलेली, तिची हिच्याशी. कोणी मुद्दाम करत होतं असंही नाही. पाण्यात दगड पडल्यावर मासळी पांगते, तशा बाया तिच्याभोवतीनं पांगत होत्या. शेवटी ती सीतेसमोर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले.

सीतेनं आपले हात पदराखाली घेतले.

"मला जेवनाकडं बगायचं हाय गो," ती म्हणाली आणि आत गेली.

काशीचे हात थोडा वेळ तसेच राहिले. मग तिनं त्याच हातांनी खोचलेला पदर सोडला.

पुढच्याच बाजारच्या दिवशी ती खाडी ओलांडून मांडवीला डॉक्टर शिरधनकरबाईंच्या दवाखान्यात जाऊन बसली.

"काय होतंय काशीबाई?"

"गुडगा."

"कधीपासून?"

"ते जाऊ दे. मला गौरीत फुगडी घालायची हाय. गुडगा तेवड्यापुरता तरी नीट करा."

डॉक्टरबाईंनी गुडघा दाबला, वाकवला, कान लावून ऐकल्यासारखं केलं. "ह्या गुडघ्याला कोण छळतंय, माहितेय?"

"कोन?"

"तुम्ही. वरून बसलायत त्याच्यावर. औषध देते, पण खरं औषध म्हणजे भार उतरवायचा. भात एकदाच, तोही वाटीभर. सकाळी नाचणीची अर्धी भाकरी, पालेभाजी, वरण. मासे खा, पण कालवणातले, तळलेले नकोत. नारळाला जरा विसरा."

"दिवसभर नारळच डोळ्यांम्होरं असतो, बाई. विसरू कशी?"

"लावा, पण खाऊ नका." डॉक्टरबाई हसल्या. मग म्हणाल्या, "आणि आठवड्यातून एक दिवस, रविवार धरा, घरात शिजेल ते पोटभर जेवायचं. भात, नारळ, जे असेल ते."

काशीनं त्यांच्याकडं संशयानं पाहिलं. बाई परीक्षा घेतेय काय? "म्हंजे पथ्य मोडायचं?"

"मोडायचं नाही. तो दिवस पथ्यातलाच."

"मंग वजन वाडंल की."

"त्या दिवशी थोडं चढेल, पुढच्या दोन-चार दिवसांत उतरेल. हे बघा, सगळ्यांना मी असं सांगत नाही. काही जण त्या एका दिवसात आठवड्याची कमाई खाऊन टाकतात. पण तुम्ही कामाच्या बाई. रोज अर्ध्या पोटी माती उपसायची, लावणी करायची, हे गमतीचं नाही. आणि मनाचंही बघावं लागतं. फार कडक धरतात ना, ती माणसं महिन्याभरात सगळंच सोडून देतात. पाहिलंय मी. सुट्टी ठरलेली असली की माणूस आठवडाभर नेटानं काम करतो."

काशीनं मान डोलावली. पण संध्याकाळी चढण चढताना तिच्या डोक्यात वेगळंच काही शिजत होतं. गौरीसाठी उतरवायचं तर गौरीलाच सांगून का उतरवू नये? घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले, देव्हाऱ्यापुढं नारळ ठेवला आणि बोलली, "गौरी येईस्तोवर तोंड बांदून ऱ्हाईन. तू तेवडा कोनाचा तरी हात मला दे." पथ्य होतं ते व्रत झालं. आता रविवारचं काय करायचं, ते विचारायला ती यमुनाकाकीकडं गेली.

"सुट्टी?" यमुनाकाकीनं सुपारी कातरायची थांबवली. "व्रताला सुट्टी? कोन सांगितलान?"

"डॉक्टरबाई."

"डॉक्टरबाई सुईची. व्रतातला तिला काय कळतंय. सा दिवस देवीला धरायची नि सातव्या दिवशी सोडायची, अशी देवी म्हंजे काय साहेबाची कचेरी हाय? बोललंस ना तोंडानं? मंग आता गौरी बसेस्तोवर धर."

झालं. शेवटचा शब्द पडला.

पहिले काही आठवडे देवीनं भराभर फळ दिलं. रोपवाटिकेत खताच्या गोणी तोलायचा मोठा काटा होता, आणि तो सांभाळायला सहदेवदादा, सावकाश बोलणारा, पन्नाशीचा माणूस. दर शनिवारी काम सुटल्यावर काशी त्या काट्यावर चढे.

"सहदेवदादा, गोन आलेय, उतरून घ्या," हौसा ओरडे. हौसा त्यांच्यातली सगळ्यांत तोंडाळ. "एक हाय का दीड?"

"दीडाच्या वर होती," सहदेवदादा काट्याकडं बघून गंभीरपणे सांगे. "आता दीडाला टेकलेय."

"ऱ्हायलेला खत कुटल्या माडाला घातलंस गो काशे?"

बाया हसत. काशीही हसे. लुगड्याची गाठ एक बोट आत सरकली होती, चढणीवर गुडघा जरा गप्प बसत होता. फक्त सीता हसत नसे. मनगट मोडल्यापासून तिला ओझ्याचं काम देत नव्हते. ती शेडमध्ये बसून रोपांना चिठ्ठ्या बांधायची, आणि काशी काट्यावर चढली की मान खाली घालून दोऱ्याची गाठ मारत राहायची. काशीला वाटे, बघवत नाही हिला माझ्याकडं. बरोबरच आहे.

मग काटा थांबला. शनिवार आला, सहदेवदादानं वजनं पुढंमागं केली, म्हणाला, "तेवडीच." पुढच्या शनिवारी, "तेवडीच." त्याच्या पुढच्या शनिवारी हौसाची थट्टासुद्धा आटली. काशीनं रात्रीचं जेवण सोडलं. भातलावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून ती रोपं रोवत होती आणि पोटात होतं ताक. यमुनाकाकीचे सोमवार तर बारमाही. सोमवारी यमुनाकाकीच्या चुलीवरून साबुदाण्याच्या खिचडीचा, भाजलेल्या दाण्यांचा, उकडलेल्या रताळ्यांचा वास परडी ओलांडून यायचा. काशी दार लोटून घ्यायची. उपासाचं खाणं तिनं आपल्या व्रतात धरलं नव्हतं. स्वप्नात तिला घावणं दिसत, नारळाच्या रसात बुडवलेली, आणि घास तोंडाशी आला की जाग येई. जाग आल्यावर ती देवीची माफी मागे.

चेहरा उतरला, डोळे आत गेले. बाया म्हणत, "बारीक झालीस हो." खरी गोष्ट ही की ती बारीक होत नव्हती, वाळत होती. पंजाची ती जुनी पकडही गेली होती. एकदा विहिरीवर भरली कळशी तिच्या हातातून निसटली, तेव्हा ती घाबरली. फुगडीत ह्याच हातांनी कोणाला धरायचं? पण तिनं मनाला बजावलं, अजून थोडं. अजून थोडं उतरलं की कोणीतरी हात देईल.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या वक्ताला, दोन रोपं दोन काखांत घेऊन ती ट्रकाकडं चालली होती. माड हलले. वारा नसताना हलले. मग जमीन वर आली.

शुद्धीवर आली तेव्हा डोकं कोणाच्या तरी मांडीवर होतं आणि तोंडात गुळाचा खडा होता. वर सीतेचं तोंड उलटं दिसत होतं.

"थुकू नको," सीता म्हणाली. "थुकलंस तर दुसरा घालीन."

"रोपं—"

"रोपं बरी हायत. ती जेवलेली हायत."

सहदेवदादानं दोघींना घरी धाडलं. चढणीवर सीता तिच्या मागून चालली, पुढं नाही. पडलीच तर अंगावर पडू दे, अशा बेतानं. दारापर्यंत सोडून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी, आणि वारही रविवारच. त्या दिवशी वाडीत कोणी विळी लावत नाही, कढईही चढवत नाही. चिरायचं नाही, तळायचं नाही, जे काय ते उकडायचं. दुपारी काशी ताकाचा पेला घेऊन बसली होती तोच दारात हळदीच्या पानांचा वास आला. मागोमाग सीता आली. डाव्या हातात टोप, उजवा हात नुसता खाली टेकू दिलेला. टोपात पातोळ्या. गूळखोबरं भरून, हळदीच्या पानात घडी घालून उकडलेल्या, अजून वाफाळत असलेल्या.

"ने मागं," काशी म्हणाली. तोंडाला सुटलेलं पाणी तिनं गिळलं.

"का?"

"व्रत हाय माजा. तुला ठावं हाय."

"माज्यासाटी करतंस ना?"

काशीनं पेला जमिनीवर ठेवला.

"अख्खी वाडी बोलते, सीतेचा हात मोडला म्हनून काशी उपास करते. मला कोनी विचारलान? माजा हात, नि उपाशी मरतंस तू."

"तू हात दिला नायस," काशीच्या तोंडून निघून गेलं. "हळदीत. मी म्होरं केले नि तू पदराखाली घेतलेस. माज्या अंगाचा भेव वाटला ना तुला?"

सीतेनं टोप खाली ठेवला. मग उजवा हात पदराबाहेर काढून काशीपुढं धरला. "धर."

"काय?"

"माजी बोटां धर नि सांग, मी दाबतंय ते लागतंय काय."

काशीनं तो हात घेतला. सीतेच्या कपाळावर शीर उभी राहिली, पण काशीच्या पंजाला कोवळ्या पोराच्या मुठीएवढाही दाब लागला नाही.

"हाड जुळला, पन पकड गेली," सीता म्हणाली. "मोरी धुताना फडका पिळवत नाय मला. चिठ्ठ्या बांदते ती दातानं गाठ वडून. तू मांडवात हात म्होरं केलेस, तेवा मी तुज्या हातात द्यायचा कुटला? सुटला असता, नि सगळी बोलली असती, काशीन पुन्ना पाडलान. म्हनून गेले आत."

काशीनं तो हात सोडला नाही. पातोळ्यांची वाफ मधून जात होती.

"आता खा," सीता म्हणाली.

"बोललंय मी देवीला."

"काय बोललंस? पारनं करनार नाय असा बोललंस?"

"पारनं?"

"एकादशी केली की बारशीला पान वाडतात का नाय? सोमवार धरला की सोमवार सोडतात का नाय? पारनं नसलेला व्रत कोनी बगितलंय? मी तरी नाय. थांब, विचारूया." आणि सीतेनं दारातूनच हाळी दिली. "यमुनाकाकी, गो काकी. वाईच ये. धर्माचा काम हाय."

यमुनाकाकी आली. आदल्या दिवशीची बातमी तिला कळली होतीच. काशीचं तोंड बघून तिनं नजर टोपाकडं वळवली.

"काकी," सीता म्हणाली, "हिचा व्रत जेठापासून चालू हाय. एकदा पन पारनं केलान नाय. चालतंय?"

"म्हंजे... तसा..."

"तुजा सोमवार मी बगितलाय. साबुदाना झाला की दानं, दानं झालं की रताळा, नि वर केळा. तुज्या उपासाला शंकराला ढेकर येत आसंल."

"जिभेला हाड नाय तुज्या," यमुनाकाकी म्हणाली, पण तिच्या ओठांच्या कडा हलत होत्या. ती काशीजवळ बसली. काशीचा दंड तिनं दोन बोटांत धरून पाहिला, आणि मग बराच वेळ धरूनच ठेवला. "मी सुट्टी नको म्हनले," ती अखेरीस म्हणाली. "सुट्टी म्हंजे देवीला सांगायचा, आज तू घरी बस. पारनं म्हंजे देवीला सांगायचा, आज तू पन संगतीला बस. पारनं नको असा मी कदी बोलले गो? ते तर करायचाच. आटवड्याला करायचा. देव्हाऱ्यापुढं एक ठेव, नि एक तोंडात घाल."

"डॉक्टरबाईन ह्योच रविवार सांगितलान व्हता," काशी क्षीण आवाजात म्हणाली.

"मंग बाई धर्माची हाय," यमुनाकाकी म्हणाली आणि टोपातली एक पातोळी आपणही उचलली.

काशीनं पहिला घास घेतला. गूळ, खोबरं, वेलचीची चिमूटभर पूड, पानाचा तो हिरवा कडवट वास. ती चावत राहिली आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं, आणि दोघींपैकी कोणी ते पाहिलं असं दाखवलं नाही.

त्यानंतरचे रविवार दोघींनी मिळून केले. कधी काशीच्या चुलीवर, कधी सीतेच्या. घावणं आणि नारळाचा रस, कुळथाची पिठी आणि ऊन भात. पोटभर, पण पोटभरच. चौघांचं शिजवायची काशीची खोड इथं मोडली, कारण समोर बसून कोणी खाणारं असलं की कितीचं शिजवायचं ते हाताला बरोबर कळतं. सोमवारी सकाळी पुन्हा अर्धी भाकरी, पालेभाजी, वरण. आश्चर्य म्हणजे ती आता जड जात नव्हती.

भीती मात्र एकदा वाटली. पारण्यानंतरच्या पहिल्या सोमवारी तिला राहवलं नाही, शनिवारची वाट न बघता ती काट्यावर चढली. काटा वर.

"चडलंय," ती म्हणाली. "सगळा वाया गेला, सहदेवदादा."

सहदेवदादानं काटा पाहिला, तिला पाहिलं आणि सावकाश म्हणाला, "पावसाळ्यात गोन भिजली की जड लागते. म्हनून आतला खत वाडलेला नसतो. सुकू दे, शनवारी ये."

शनिवारी आली तेव्हा काटा जिथं महिनाभर अडला होता, त्याच्या खाली उतरला होता. फार नाही. पुढच्या शनिवारी आणखी थोडा. एका आठवड्यात काहीच नाही, तर एकदा थोडा वरही. पण काशी आता दर वेळी देव्हाऱ्याकडं धावत नव्हती. विहिरीवरची कळशी हातातून निसटत नव्हती. चढण एका दमात जात होती.

गौरी आल्या. मुंबईहून रात्रभर गाडीत बसून रावजी आला, दोन्ही मुलगे आले. रावजीनं तिला दारात पाहिलं, पिशवी खाली ठेवली. "वाईच सुकलंस," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पन बरी दिसतंस." वीस वर्षांत त्याचं एवढं मोठं भाषण काशीनं ऐकलं नव्हतं.

गौरी जेवतात त्या दिवशी दुपारी यमुनाकाकीकडं पानं वाढली. काशीनं आपल्या पानावरचा भात निम्मा काढून ठेवायला घेतला. संध्याकाळी फुगड्या, अंग हलकं राहिलेलं बरं.

"गौर जेवली. नि तू?" सीता शेजारून म्हणाली.

"आज रविवार नाय."

"व्रत गौरी बसेस्तोवर व्हता ना? बसली गौर. वाड गो हिला."

काशी जेवली.

उन्हं उतरली तशी खळ्यात बाया जमल्या. जोड्या लागू लागल्या. काशी खांबाला टेकून उभी होती. पदर अजून खोचला नव्हता. जाऊ दे, ती मनात म्हणत होती, कोणी नाही बोलावलं तरी जाऊ दे. एक फुगडी झाली, दुसरी झाली. बाया तिच्या दोन्ही अंगांनी जोड्या जोड्यांनी पुढं सरकत होत्या.

तेवढ्यात सीता खळ्याच्या मध्यावर येऊन उभी राहिली. उजवा हात तिनं कमरेवर ठेवला आणि डावा पुढं केला.

"ये."

"एका हातानं?" काशी खांबापासून हलली नाही. एका हाताची फुगडी पोरीबाळींची, सडपातळ बायांची. सगळा भार एकाच गाठीवर. "सुटला तर?"

"मंग मोडायला माज्याकडं हा एकच उरलेला हाय. तेवडा सांबाळून धर."

खळ्यात कोणीतरी हसलं, मग सगळीच हसली. काशीनं पदर खोचला. पुढं झाली. डाव्या पंजात सीतेचा डावा पंजा घेतला, बोटं मनगटापर्यंत सरकवली आणि घट्ट मिटली. सीतेनंही मिटली. ही पकड होती. वीस गौरींची होती.

पाय जुळले. अंगं मागं झुकली. पहिला फेरा हळू, दुसरा जरा मोकळा, आणि मग खळं, चिरे, दिवे, बायांचे चेहरे, सगळं एकच पट्टा होऊन फिरू लागलं. 'फू-फू' एका तालात पडू लागला. काशीची टाच रोवलेली होती. तिला गुडघा ऐकू येत होता. तो अजून काही बोलत नव्हता, पण आता बोलणार हे तिला कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं फुगडी आपण होऊन हळू केली. हळू, आणखी हळू, उभं राहीपर्यंत. खळं फिरायचं थांबलं तरी तिनं हात सोडला नाही.

"गुडगा?" सीतेनं धापा टाकत विचारलं.

"हाय. हात?"

"तुज्याकडंच हाय. सोड आता, मुंग्या आल्या."

काशीनं हात सोडला आणि खांबाकडं वळली, तर वाटेत बाबल्याची नवी बायको राही उभी. तिची ही पहिली गौर. हळदीच्या रात्री ती इथं नव्हती, दुसऱ्या दिवशी माप ओलांडून आली होती. हिरव्या बांगड्यांचे हात पदरात लपवत, काढत ती म्हणाली, "काशीकाकी, माजी पयली फुगडी ऱ्हायलेय. सासू म्हनाली, ती तुमच्यासंगं घालायची असते."

काशीनं बाबल्याच्या आईकडं पाहिलं. ती दिव्याची वात सारखी करत होती.

"बसू दे तिला वाईच," यमुनाकाकी जोत्यावरून म्हणाली.

"पानी तरी पी," सीता म्हणाली.

काशी पाणी प्यायली. तळवे लुगड्याला पुसले. मग दोन्ही हात पुढं करायला गेली, तर राहीनं ते आधीच धरले होते.